टिळक बाप्तिस्म्यापाशी थांबले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की मराठी वृत्तपत्रांतून रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर एखादा लेख येतोच. आम्ही ख्रिस्ती वाचक तो कौतुकानं कापून ठेवतो, कुणी चर्चच्या फलकावर लावतं. पण वर्षानुवर्षं वाचून आता त्याचा साचा पाठ झाला आहे. कोकणातलं करजगाव, १८६१ चा जन्म; नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेला गोरा गृहस्थ, त्यानं हातात ठेवलेला नवा करार आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचं भाकीत; मग १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, पत्नी लक्ष्मीबाईंच्या माहेरी-सासरी उडालेला आकांत, फुलामुलांच्या कविता आणि १९१९ साली निधन. बाप्तिस्म्यापर्यंतच्या हकिगतीला दोन रकाने, पुढच्या चोवीस वर्षांना चार ओळी. जणू त्या दिवशी माणूस जो काय व्हायचा तो होऊन गेला आणि नंतर नुसते दिवस ढकलले.

तक्रार केवळ वृत्तपत्रांबद्दल असती तर मी कागद घेऊन बसले नसते. आमच्या मंडळ्यांमध्येही (चर्चच्या लोकांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो) हीच समजूत घट्ट बसली आहे. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (कळत्या वयात विश्वासाची जाहीर कबुली) झालं, की माणूस झाला. पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, दीक्षा मिळाली की तो तर कायमचाच झाला. मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते, म्हणून असेल, मला हे लसीकरणाच्या रांगेसारखं दिसतं: टोचलं, कार्डावर शिक्का मारला, चला पुढचा.

माझी ओळख सांगायची तर मी पाळकीणबाई. पाळकसाहेबांच्या बायकोला आमच्याकडे असं म्हणतात. हे पदच आहे, फक्त त्याला पगार नाही. पगार नर्सच्या नोकरीचा होता आणि घर बरंचसं त्याच्यावर चाललं. यजमानांच्या बदल्यांबरोबर नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्या पाहिल्या. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या पिढीच्या तोंडात नगरच येतं, राग नसावा.) त्यामुळे हे जे लिहिते आहे ते वेदीच्या बाजूनं कमी आणि स्वयंपाकघराच्या दारातून जास्त पाहिलेलं आहे.

टिळकांच्याच चोवीस वर्षांकडे जरा बघा. मिशनची नोकरी, शिकवणं, पुढे 'ज्ञानोदय' ह्या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन. इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी ओव्या, अभंग, भजनं आली ती ह्याच काळात. आजही आमच्या रविवारच्या उपासनेत पेटी-तबला सुरू झाला की निम्म्या वेळा गाणं टिळकांचं असतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते स्वतः म्हणत. आणि मग १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, प्रकृती काही धड नसताना त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वाट धरली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे ते आणि ज्यांचा झालेला नाही ते, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथं एका बैठकीवर बसावेत, ही त्यांची कल्पना. ज्या बाप्तिस्म्यासाठी बायको-मुलाचा वियोग सोसला, जातीनं टाकलेलं सोसलं, तो न घेतलेल्या माणसालाही शेजारी जागा द्यायची! हे १८९५ च्या टिळकांना सुचलं असतं असं मला वाटत नाही. त्यासाठी मधली बावीस वर्षं लागली. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, मुंबईत ते गेले आणि दरबार काही फार वाढला नाही. यश-अपयशाचा हिशेब ज्यांना मांडायचा त्यांनी मांडावा. मला त्यात रस एवढाच आहे की ज्या वयात आमचे पाळक भविष्यनिर्वाह निधीचे आकडे बघायला लागतात त्या वयात हा माणूस आतून पुन्हा एकदा हलला होता.

पंडिता रमाबाईंचं तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं लेकीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्यात आलं, विधवांना आसरा मिळाला, जगभर नाव झालं. आणि ह्या सगळ्या धबडग्यात, बाप्तिस्म्याला आठ-एक वर्षं होऊन गेल्यावर, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. एवढ्या मोठ्या कामाच्या प्रमुख बाईनं हे कबूल करणं म्हणजे काय, ते संस्था चालवणाऱ्यालाच कळेल. देणगीदार काय म्हणतील हा विचार सुद्धा आला नसेल का? त्यानंतरच दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावचं मुक्ती सदन, १९०५ साली तिथल्या मुलींमध्ये उसळलेली प्रार्थनेची लाट, हे सारं घडलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उतरवलं आणि त्याची जुळणी-छपाई केडगावातच सदनातल्या मुलींच्या हातून करून घेतली. १९२१ मध्ये लेक मनोरमाबाई गेल्या, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. लेकीच्या मरणानंतरही मुद्रितं तपासणं थांबलं नव्हतं.

पण माझ्या मनातली खरी मानकरी लक्ष्मीबाई. टिळकांचं परिवर्तन विचारातून झालं, लक्ष्मीबाईंचं पाण्याच्या हंड्यातून. माहेरचं सोवळं कमालीचं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं ताटातूट, मग नगरला येऊन राहिल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ही जात देवानं केलेली नाही, माणसानं केलेली आहे, हे त्यांचं त्यांना एके दिवशी उमगलं, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. १९०० साली बाप्तिस्मा झाला तो ह्या सगळ्यानंतर. धड शाळा न पाहिलेल्या ह्या बाईनं टिळकांच्या मागं त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य ओवीमागून ओवी रचत पुढं नेलं. आमच्या महिला मंडळात मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी डोळे पुसतं. डोळे पुसून झाले की चहाच्या वेळी त्याच बायका माझ्याकडे मुलीसाठी स्थळ विचारतात, आणि खालच्या आवाजात पुढचा प्रश्न येतो: "पाळकीणबाई, पण ते लोक मूळचे कोण?"

हे छापायला तुम्हाला अवघड वाटेल, आमच्यातल्या पुष्कळांना वाचायलाही. पण आमच्या पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याला शंभराच्या वर वर्षं होऊन गेली, परिचयपत्रावर जातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिलेलं असतं, आणि फोनवर मात्र कुठल्या आळीतले, कुणाचे पाहुणे, ह्याची चौकशी होते. कुणाचं मूळ महारवाड्यातलं, कुणाचं मांगवाड्यातलं, हे चौथ्या पिढीतही विसरलेलं नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या) वेळी एका प्याल्याला तोंड लावणारी माणसं सोयरिकीच्या वेळी दोन अंगणांत उभी राहतात. लक्ष्मीबाईंनी एकटीनं चार-पाच वर्षांत जे ओलांडलं ते आम्हाला चार पिढ्यांत ओलांडता आलेलं नाही. वर कुणी विचारलं तर आम्ही म्हणतो, आमच्यात जात नाही.

ह्याला पवित्र शास्त्रातच दाखला आहे, तो आमचे उपदेशक सहसा अर्धाच सांगतात. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र यापो गावी घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेला असता त्याला दृष्टान्त झाला, आकाशातून चादरीसारखं काही उतरलं, त्यात सगळे निषिद्ध प्राणी, आणि 'मारून खा' अशी वाणी झाली. त्यावरून तो समजला की कोणत्याही माणसाला विटाळलेलं म्हणू नये, आणि परजातीच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या, कर्नेल्याच्या घरी गेला. इथपर्यंत संडे स्कूलच्या पोरांनाही ठाऊक असतं. पुढचा भाग गलतीकरांच्या पत्रात आहे. हाच पेत्र अंत्युखियात परजातीयांबरोबर जेवत होता; यरुशलेमेकडची माणसं आल्याबरोबर घाबरून पंगतीतून उठला. प्रेषित पौलानं सगळ्यांदेखत त्याची कानउघाडणी केली. मंडळीचा खांब, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्यानं भरलेला, दृष्टान्त पाहिलेला, आणि तरी पंगतीपाशी अडखळला! मला हा पेत्र फार जवळचा वाटतो. त्याला कुणी मंडळीतून काढून टाकलं नाही आणि कुणी पांघरूणही घातलं नाही. पौल तरी कुठे स्वतःला पुरा समजत होता? दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पाहिलेला तो माणूस कितीतरी वर्षांनी कैदेतून फिलिप्पैकरांना लिहितो की मी काही अजून पूर्ण झालेलो नाही, धावतो आहे.

आता पाळकांविषयी. दर वर्षाअखेरीस यजमान वरिष्ठांकडे पाठवायचा अहवाल आमच्या जेवणाच्या टेबलावर भरत बसत, आकडे मी वाचून दाखवी. बाप्तिस्मे किती, दृढीकरण किती, विवाह, अंत्यविधी, घरभेटी, प्रभुभोजनास हजर, रविवारचं अर्पण, कापणीच्या सणाचं अर्पण, इमारतीची डागडुजी. शेवटी 'शेरा'. शेऱ्यात सगळेच 'प्रभूच्या कृपेनं काम ठीक' लिहीत. जो माणूस दुसऱ्यांच्या आत्म्यांची काळजी वाहतो त्याच्या स्वतःच्या आत्म्याचं काय चाललं आहे, हे विचारणारा रकाना मी कधी पाहिला नाही.

एका गावी आम्ही असताना पावसाळ्यात मंडळीतल्या तरुण जोडप्याचं एकुलतं पोर विहिरीत पडून गेलं. यजमानांनीच त्याचा बाप्तिस्मा केला होता, यजमानांनीच मूठमाती दिली. त्यानंतर रविवार मागून रविवार उपासना व्यवस्थित होत राहिल्या. बाहेरच्या कुणाला काही कळण्याजोगं नव्हतं. घरी मात्र रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेला ते शास्त्र उघडत, पान बघत, मिटून माझ्याकडे सरकवत. प्रार्थना मीच करी. मुलं विचारत नसत, मीही विचारलं नाही. सांगायचं तरी कुणाला? वरच्यांना सांगावं तर पुढची बदली डोळ्यांपुढं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना सांगावं तर संध्याकाळी गावभर.

ओळखलं ते मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पंचानं. कोरडवाहू शेतकरी, अक्षरओळख जेमतेम. एका रविवारी उपासना आटोपल्यावर सगळे पांगले तसा तो जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, प्रभूची प्रार्थना तुम्ही पुस्तकात बघून म्हणाया लागलाय." बस, एवढंच. लहान मुलांनाही पाठ असलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'! मी पुढच्याच रांगेत बसत असून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. यजमान काही बोलले नाहीत. म्हातारा म्हणाला, "पुढल्या रविवारी तुम्ही बसा आमच्यात. आम्ही बघतो."

आणि त्यांनी बघितलं. यजमान झगा न घालता पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हाताऱ्यानं शाळेत जाणाऱ्या नातीला उभं करून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला लावलं. दुसऱ्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी का होईना आशेची ओळ येते. ह्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो. पोरगी अडखळत वाचत होती. उपदेश झाला नाही. ते जोडपंही त्या दिवशी आलं होतं, घटनेनंतर पहिल्यांदाच. टिळकांचं एक भजन म्हटलं, अर्पण गोळा केलं, घरी गेलो. असे आणखी काही रविवार गेले, आणि गावानं ह्याची बाहेर कुठं वाच्यता केली नाही. त्या वर्षीच्या अहवालात 'उपासना नियमित झाल्या' असं आहे, आणि ते अक्षरशः खरं आहे.

यजमान पुन्हा उभे राहिले तेव्हा ते आधीचे राहिले नव्हते. उपदेश निम्म्यानं आटोपता झाला, आवाज खाली आला. पूर्वी घरभेटीला गेले की दारातच 'चला, प्रार्थना करू' म्हणत. आता आधी बसतात, पाणी पितात, काय शिजवलंय विचारतात, आणि कधी कधी प्रार्थना न करताच उठतात. काही लोकांना ते आवडलं नाही. साहेब थंड पडले, असं एका सुशिक्षित कुटुंबानं मला ऐकवलं. पण मरणदारी, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात लोक त्यांना जास्त बोलावू लागले, हेही मी बघितलं. दीक्षेच्या वेळी त्यांच्या डोक्यावर मोठमोठ्या लोकांनी हात ठेवले होते. त्या म्हाताऱ्यानं काही ठेवला नाही, पण माझ्या हिशेबी त्यांची दुसरी दीक्षा त्यानंच केली.

नर्स म्हणून आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आमच्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात सेवा करत होतं. रोगी बरे करून पाठवायचे आणि तेच रोग घेऊन ते परत यायचे. दवाखाना चांगला चालला होता, कौतुक होतं, तसंच चालू ठेवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते सोडलं, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला गेले. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांनाच गावाच्या आरोग्यसेविका केलं. डॉक्टरनं आपलं ज्ञान आणि त्याबरोबर आपला मान अशा बायकांच्या हाती द्यायचा, हे तेव्हा आमच्या खात्यातल्या लोकांना पटता पटत नव्हतं. मॅगसेसे पुरस्कार १९७९ चा, म्हणजे जगाला पटायलाही वेळ लागला. सेवेचं काम वाढवणारे खूप बघितले. काम नीट चाललेलं असताना स्वतःची समजूत मोडून पुन्हा घडवणारे फार थोडे.

म्हणून मंडळ्यांच्या कारभाऱ्यांना, विशेषतः जे आपलं दैनिक वाचतात त्यांना, दोन गोष्टी सुचवते. पाळकाला वर्षातून पंधरा दिवस अशा ठिकाणी पाठवा जिथं त्याला उपदेश करायचा नाही आणि परत आल्यावर अहवाल द्यायचा नाही. शिबिरं नकोत, त्यात पुन्हा यालाच सकाळचं मनन द्यायला लावतात. सोबतीला एखादा निवृत्त पाळक द्या, नुसता ऐकून घ्यायला. पैशाचं कारण सांगू नये. चर्चला रंग द्यायला वर्गणी निघते ती मी बघितली आहे. आणि दर वर्षी पंचांच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी हा विषय काढावा की गेल्या वर्षात आपल्या मंडळीत जातीबाहेर किती सोयरिकी झाल्या, आणि होऊ घातलेल्या किती, कुणी मोडल्या. हा आकडा अहवालात जाऊ दे, अर्पणाच्या वर.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या नाताळात टिळकांवर लेख येईल तेव्हा लेखकाला आगगाडीतून लवकर उतरवून साताऱ्याला न्यावं. शक्य झालं तर त्या वर्षी टिळकांना थोडी विश्रांती देऊन लक्ष्मीबाईंवर लिहायला सांगावं.

माझं नाव छापू नये. यजमान निवृत्त झाले तरी आम्ही इथल्याच मंडळीत जातो, आणि सोयरिकीबद्दल विचारणाऱ्या बायका माझ्या मागच्याच बाकावर बसतात.

आपली,
एक पाळकीणबाई (निवृत्त परिचारिका),
जि. अहिल्यानगर